देणगीची पावती, गर्भपातविरोधी संस्था आणि आमचा गणपती

जमाखर्च (मिसिसागा)

दर फेब्रुवारीत आमच्या जेवणाच्या टेबलावर ताट ठेवायला जागा नसते. एका औद्योगिक गाळ्यात आमचं छोटं देऊळ आहे, त्याची मी खजिनदार. घंटा वाजवणं सोडून बाकी सगळं माझ्याकडे. देणगीच्या पावत्या महिनाअखेरीच्या आत गेल्या नाहीत तर फोन सुरू होतात, आणि ज्यांनी एकवीस डॉलर दिलेत त्यांचा फोन सगळ्यात आधी.

पावतीवर आमचा धर्मादाय संस्था म्हणून नोंदणी क्रमांक असतो. नऊ आकडे, मग आरआर, मग ०००१. सगळं मोल त्या क्रमांकाचं. ओंटारिओत कुणी १००० डॉलर दिले तर २०२४ च्या दरांनी केंद्राचे २६२ आणि प्रांताचे ९९, असे मिळून ३६० च्या आसपास डॉलर त्याच्या करातून कमी होतात. क्रमांक नसलेल्या मंडळाला हेच १००० दिले तर शून्य. (आमचं देऊळ आधी चार वर्षं नोंदणीशिवाय चालत होतं. तेव्हाची पेटी आणि आताची पेटी यांत फरक किती ते सांगत नाही, दृष्ट लागेल.)

आता मुद्दा. आमच्या ग्रुपवर 'कॅनडात देवळं बंद पाडणार' असा निरोप फिरतोय, लाल दिव्यांच्या चित्रांसकट. शोधत मुळापर्यंत गेले. संसदेच्या कनिष्ठ सभागृहाच्या अर्थसमितीने डिसेंबर २०२४ मध्ये अर्थसंकल्पपूर्व अहवाल मांडला. त्यात साडेचारशेहून जास्त शिफारशी. त्यातली ४२९ वी: गर्भपातविरोधी संस्थांना यापुढे धर्मादाय दर्जा देऊ नये. लगेच खाली ४३० वी: आयकर कायद्यात धर्मादाय संस्थेची व्याख्या घालून 'धर्माचा प्रसार' या हेतूला असलेलं विशेष स्थान काढावं. समितीने शिफारस केली म्हणजे कायदा झाला नाही, आणि ४ नोव्हेंबर २०२५ च्या अर्थसंकल्पात यातलं काहीही आलं नाही. तेव्हा तो निरोप आधी पुसून टाका.

पण मला खुपतंय ते वेगळंच. मी गर्भपाताच्या हक्काच्या शंभर टक्के बाजूची. ४२९ वाचल्यावर मनात म्हटलं, बरं झालं, यांच्या खिशाला चाट बसायलाच हवी. मग नजर खालच्या ओळीवर गेली आणि तिथे आमच्याच गणपतीचा नंबर लागलेला. कॅनडातल्या ८५ हजारांच्या आसपास नोंदणीकृत संस्थांपैकी तिसऱ्या हिश्श्याहून जास्त या धर्मप्रसाराच्या खात्यातच आहेत. चर्च, मशिदी, गुरुद्वारे आणि आम्हीसुद्धा.

खरं सांगते, माझं ४२९ बद्दलचं मत तत्त्वाने नाही, भीतीने हललं. आता ते तत्त्वावर उभं राहतं का, हे तपासायला हा धागा. हाणामारी नको. भ्रूणाला जीव कधी येतो यावर इथे दोन हजार प्रतिसादांचे तीन धागे आधीच आहेत, तिथे जा.

सातारी_तडका

रुमाल टाकून ठेवतो. चहा घेऊन येतो.

तर्कट (कॅलगरी)

ताई, भीतीनेच विचार केलात म्हणून गोंधळ झालाय. हिशेब तुम्हीच मांडलात की. १००० मधले ३६० देणाऱ्याचे नाहीत, सरकारने सोडलेले आहेत, म्हणजे तुमचे-माझे. माझी बहीण इथल्या क्लिनिकमध्ये गर्भपातासाठी गेली तेव्हा बाहेर फलक घेऊन उभं राहणाऱ्यांच्या कॉफीला मी का हातभार लावू?

श्रद्धेचं स्वातंत्र्य आहेच. बोला, छापा, मोर्चा काढा. पण भाषणस्वातंत्र्य म्हणजे माइकचं भाडंही सरकारने भरावं असं नाही. मी तर ४२९ आणि ४३० दोन्हींच्या बाजूचा. देव मानणं हे समाजकार्य कसं? अन्नछत्र चालवा, त्याची पावती घ्या. आरतीची कशाला?

वाचकमात्र

+१ तर्कट. आरतीची पावती हे मस्त.

कायद्याचा_किडा (ओटावा)

तर्कट, 'आरतीची पावती' ही कल्पना सव्वाशे वर्षांहून जुनी आहे. कॅनडाच्या आयकर कायद्यात 'धर्मादाय' या शब्दाची व्याख्याच नाही. न्यायालयं अजूनही १८९१ चा इंग्लंडचा पेम्सेल खटला धरून चालतात. जर्मनीतून पसरलेल्या मोरेव्हियन चर्चच्या धर्मप्रचाराला दिलेल्या जमिनीच्या उत्पन्नावर कर लावायचा की नाही, असा तो वाद. लॉर्ड मॅकनॉटन यांनी चार खाती पाडली: गरिबी निवारण, शिक्षण, धर्माचा प्रसार, आणि समाजाला उपयोगी असं इतर काही. त्यांच्याही मागे एलिझाबेथ राणीचा १६०१ चा कायदा. म्हणजे मिसिसागातल्या गाळ्यातला गणपती जर्मन मिशनऱ्यांच्या खांद्यावर बसून पावती फाडतो.

आता खरी गंमत. दोन निकाल शेजारी ठेवून वाचा.

१९९१. व्हँकुव्हरचं एक गर्भपात क्लिनिक, एव्हरीवुमन्स हेल्थ सेंटर. त्यांनी धर्मादाय दर्जा मागितला, महसूल खात्याने नाकारला, प्रकरण फेडरल अपील न्यायालयात गेलं. विषय वादग्रस्त आहे, समाजात एकमत नाही, हे कारण न्यायालयाने मानलं नाही. कायदेशीर वैद्यकीय सेवा देताय, लोकांच्या उपयोगी आहे, मग दर्जा द्या. क्लिनिक जिंकलं.

१९९८. तेच न्यायालय, समोर ह्यूमन लाइफ इंटरनॅशनल ही प्रो-लाइफ, म्हणजे गर्भपातविरोधी, संस्था. त्यांचा दर्जा काढलेला. ते म्हणाले आम्ही शिक्षण देतो. न्यायालय म्हणालं, तुम्ही एका मताचा प्रचार करता, आणि अशा वादात कुठलं मत समाजाच्या हिताचं हे ठरवणं म्हणजे राजकारण, ते आम्ही करणार नाही. भाषणस्वातंत्र्याचा मुद्दाही फेटाळला: करसवलत न मिळणं म्हणजे तोंड बंद करणं नव्हे. तर्कट, तुमचं माइकचं भाडं ते हेच. पुढच्याच वर्षी अलायन्स फॉर लाइफ या तसल्याच संस्थेचंही तेच झालं.

वरवर बघता अन्याय वाटतो: एका बाजूला पावती, दुसऱ्या बाजूला नाही. पण न्यायालयाने मत नाही तोललं. एक जण सेवा देत होता, दुसरा प्रचार करत होता. आता उलटं करून बघा. प्रो-लाइफवाले एखाद्या गरोदर बाईला घर, दूध, डायपर देत असतील तर ती सेवाच. आणि गर्भपाताच्या हक्काचा नुसता प्रचार करणारी संस्था १९९८ मध्ये गेली असती तर तीही पडली असती. निदान पडायला हवी होती.

४२९ ही चौकट मोडते. त्यात 'काय करता' हा प्रश्न नाही, 'कुठल्या बाजूचे' हा आहे.

जमाखर्च

किडा, हेच मला शब्दात पकडता येत नव्हतं. धन्यवाद. जर्मन मिशनऱ्यांचं आमच्या अध्यक्षांना सांगणार नाही, त्यांना झेपणार नाही.

वसईचा_पाऊस (स्कारबरो)

इथे वर्षानुवर्षं फक्त वाचतो, लिहीत नाही. आज लिहितो.

मी वसईचा, कुपारी म्हणजे तिथल्या ख्रिस्ती घरातला. घरी आमची कादोडी बोली बोलतो, इथे तुमच्यासाठी प्रमाण मराठी. दर शनिवारी सकाळी एका ख्रिस्ती गरोदरपण-मदत केंद्रात जातो. ज्यावर ४२९ चा रोख आहे तसल्याच. तर्कटभाऊ, मी आयुष्यात कधी कुठल्या क्लिनिकबाहेर फलक धरलेला नाही. मी काय करतो ते सांगतो. लोकांनी दिलेले बाळांचे कपडे खोक्यांतून काढायचे, डाग बघायचे, शून्य ते तीन महिने, तीन ते सहा, सहा ते बारा असे गठ्ठे करायचे. बाबागाडीची चाकं फिरवून बघायची. पावडरच्या दुधाच्या डब्यावरची तारीख बघायची, एक दिवस उलटला असला तरी बाजूला. मदर्स डेला आमच्या चर्चमध्ये प्रत्येक घराला दुधाची एक रिकामी प्लास्टिकची बाटली देतात. फादर्स डेपर्यंत ती नाण्यांनी भरून आणायची. मागच्या वर्षी मोजायला मी बसलो होतो. लूनी, टूनी, क्वार्टर, शर्टाचं एक बटण आणि दहा रुपयांचं एक भारतीय नाणं. ते कुणाच्या घरून आलं ते सगळ्यांना कळलं.

केंद्रात येणाऱ्या बहुतेक बाया गर्भपात करायचा की नाही हे विचारायला येतच नाहीत. त्यांचं ठरलेलं असतं, मूल हवंय, पण नवरा पळालाय, घरमालक काढतोय, तळघरातल्या खोलीचं भाडं थकलंय.

तुम्ही म्हणाल, डायपर वाटा, मत घरी ठेवा. पण मी डायपर वाटतो तोच मुळी ते मत आहे म्हणून. नाहीतर शनिवारी सकाळी मी झोपलो नसतो का? श्रद्धा चपलेसारखी दाराबाहेर काढून आत यायचं हे मला जमत नाही.

आजीबाई_बटवा (दादर)

वसईकर, फार मनापासून लिहिलंत. लिहीत जा.

रात्रपाळी (हॅमिल्टन)

लिहू की नको असं करत तीन वेळा पुसलं. मी नर्स आहे. तपशील बदलून सांगते.

नाशिककडची मुलगी, इथे कॉलेजात. पाळी चुकली. घरी सांगायची सोय नाही, विद्यार्थ्यांच्या विम्यात काय बसतं ते माहीत नाही. फोनवर 'मोफत सोनोग्राफी' शोधलं, पहिलंच आलं तिथे गेली. गुलाबी भिंती, पांढरा कोट घातलेली बाई, हातात गरम चॉकलेट. मुलीला वाटलं दवाखाना आहे. तो दवाखाना नव्हता. तिला सांगितलं, घाई करू नकोस, पुष्कळदा आपोआपच पडतं, पुढच्या आठवड्यात ये. पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच. शिवाय गर्भपात केल्याने स्तनाचा कर्करोग होतो, असंही सांगितलं. हे धादांत खोटं आहे. या तीन आठवड्यांत तिला गर्भपात हवाय हे तिने स्पष्ट सांगितलं होतं, आणि आम्ही ते करत नाही, करणाऱ्यांकडे पाठवतही नाही, हे तिला एकदाही कुणी सांगितलं नाही.

इथे गोळ्यांनी गर्भपात नऊ आठवड्यांपर्यंत करता येतो. ती आमच्याकडे आली तेव्हा दहावा संपत आला होता. मग दुसरी प्रक्रिया, दुसऱ्या गावात, एक परीक्षा बुडाली. रात्री दोन वाजता मी तिच्याशी मराठीत बोलले तेव्हा ती पहिल्यांदा रडली. तोवर इंग्रजीत सगळं 'ओके, ओके' चाललं होतं.

वसईकर, तुमच्या डायपरबद्दल मला काडीचीही शंका नाही. पण त्या गुलाबी भिंतीचं भाडं याच पावत्यांवर निघत असेल तर?

तर्कट

म्हणूनच म्हणतो, उचला आणि फेका.

वसईचा_पाऊस

रात्रपाळीताई, 'ते आमचं केंद्र नव्हे' असं म्हणून सुटायची सोय होती. म्हणत नाही. तुम्ही सांगितलंत ते झालं असेल तर ते चूकच. आमच्या धर्मात खोटं बोलणं पाप आहे, ते चांगल्या कारणासाठी बोललं म्हणून पुण्य होत नाही. आमच्या दारावर 'येथे गर्भपात केला जात नाही' अशी पाटी आहे का? मला आठवत नाहीये. शनिवारी बघून सांगतो.

जमाखर्च

रात्रपाळी, त्या मुलीशी मराठीत बोललात हे वाचून क्षणभर थांबले.

आता माझा मुद्दा. या मुलीच्या बाबतीत गुन्हा कशाचा? मत ठेवल्याचा की फसवल्याचा? दवाखाना नसून दवाखान्याचा आव आणला, वेळ काढला, खोटं सांगितलं. या तिन्ही गोष्टी बाकी कुठल्याही संस्थेने केल्या तरी चूकच. उद्या एखाद्या देवळाने मधुमेहाच्या गोळ्या बंद करा, अंगारा खा असं सांगितलं तर माझी पहिली सही तक्रारीवर असेल.

आणि सरकारलाही हा फरक कळत होता की. सत्ताधारी लिबरल पक्षाच्या २०२१ च्या जाहीरनाम्यात शब्द होते ते 'अप्रामाणिक समुपदेशन' करणाऱ्या संस्थांबद्दल. ऑक्टोबर २०२४ मध्ये सरकारने जो प्रस्ताव आणला तोही असा की प्रजनन-आरोग्याच्या सेवा देणाऱ्या धर्मादाय संस्थांनी, आपण गर्भपात किंवा गर्भनिरोधन देत नसू, पाठवतही नसू, तर ते स्पष्ट सांगायचं. नाही सांगितलं तर दर्जा जाईल. म्हणजे दारावर पाटी. जानेवारी २०२५ मध्ये संसदेचं सत्रच गुंडाळलं गेलं आणि ते तिथेच राहिलं. पण ऑक्टोबर ते डिसेंबर या दोन महिन्यांत 'खोटं बोलाल तर' वरून 'विरोधी असाल तर' इथवर आपण कसे पोचलो?

कायद्याचा_किडा

पाटी लावायची सक्तीही वाटते तितकी सोपी नाही. कॅलिफोर्नियाने अशाच केंद्रांना सूचना लावायला भाग पाडलं होतं. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये ५ विरुद्ध ४ मतांनी ते अडवलं. सरकारचे शब्द आमच्या तोंडी का, हा मुद्दा. पण तिथे त्या केंद्रांना राज्य देत असलेल्या गर्भपातसेवेची माहितीही लावायला सांगितलं होतं. कॅनडाच्या प्रस्तावात स्वतः काय देत नाही एवढंच सांगायचं होतं, आणि तेही सवलत हवी असेल तर. माझ्या मते ते टिकलं असतं.

दर्जा जाण्याबद्दल एक गोष्ट लोकांना माहीत नसते. नुसत्या पावत्या बंद होत नाहीत. नोंदणी रद्द झाली की वर्षभरात उरलेली सगळी मालमत्ता दुसऱ्या पात्र संस्थेला द्यायची, नाहीतर तेवढ्याच रकमेचा कर भरायचा. शंभर टक्के. इमारत, बाबागाड्या, बँकेतली शिल्लक, सगळं. म्हणून 'माइकचं भाडं बंद केलं' ही उपमा अर्धी आहे. नव्याने दर्जा न देणं वेगळं आणि तीस वर्षं असलेला काढून घेणं वेगळं. दुसऱ्यात माइक जातोच, घरही जातं.

तर्कट

हे माहीत नव्हतं. मान्य. पण बॉब जोन्स विद्यापीठाचं काय? अमेरिकेत १९८३, त्या विद्यापीठाचा धर्मच सांगत होता की गोऱ्या-काळ्यांनी एकमेकांशी डेटिंग, लग्न करू नये. न्यायालयाने करसवलत काढणं योग्य ठरवलं. धार्मिक श्रद्धा होती की नव्हती? होती. मग बाईच्या शरीरावरचा हक्क वंशसमतेपेक्षा कमी दर्जाचा का? तुम्ही पुरुष कायदेपंडित हा प्रश्न नेहमी टाळता.

कायद्याचा_किडा

प्रश्न चांगला आहे, टाळत नाही. बॉब जोन्समध्येही शिक्षा श्रद्धेला नव्हती, नियमाला होती. विद्यार्थ्यांना त्या कारणावरून काढून टाकत, प्रवेश नाकारत. कृती.

दुसरं, वंशभेदाविरुद्ध तिथे कायदा, संविधान, सरकारची तिन्ही अंगं एका बाजूला होती. इथे कॅनडात सर्वोच्च न्यायालयाच्या १९८८ च्या मॉर्गेंटेलर निकालाने गर्भपाताचा फौजदारी कायदा उडवला, ५ विरुद्ध २. पण संसदेने नवा कायदा करूच नये असं तो निकाल म्हणत नाही. पंतप्रधान मल्रोनींच्या सरकारने केलाही होता प्रयत्न. १९९१ मध्ये सिनेटमध्ये ४३ विरुद्ध ४३ मतं पडली आणि विधेयक बरोबरीत मेलं. एका मताने देशाचं चित्र बदललं असतं. तेव्हापासून कायदाच नाही. जो प्रश्न संसदेत बरोबरीत सुटला, त्याची एक बाजू धर्मादायच्या यादीतून हद्दपार करायची आणि त्यासाठी वंशभेदाशी तुलना करायची, हे फार घाईचं आहे.

आणि 'पुरुष कायदेपंडित'? मी बाई आहे. टोपणनावात किडा पुल्लिंगी आहे, त्याला मी काय करू.

सातारी_तडका

खिक्. तर्कट, इनो घ्या.

तर्कट

क्षमस्व, किडाताई. मनापासून. (मुद्दा मात्र सोडलेला नाही.)

आजीबाई_बटवा

बाळांनो, तुमचं इंग्लंड-कॅनडा चालू द्या. मला हे वाचताना सारखं आपलं पुणं आठवतंय. १८६३ मध्ये जोतिराव-सावित्रीबाईंनी बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. विधवा बाईला दिवस गेले की विहीर नाहीतर पोराचा गळा, दोनच वाटा. तिथे गुपचूप ये, बाळंत हो, मूल ठेव नाहीतर ने, कोण-कुठली विचारणार नाही. त्यातल्याच एका मुलाला, यशवंतला, त्यांनी दत्तक घेतलं. पंढरपुरातही १८७५ पासून प्रार्थना समाजाचं असंच बालकाश्रमाचं काम. आजच्या भाषेत त्यांना काय म्हणाल, प्रो-लाइफ की प्रो-चॉइस, म्हणजे गर्भपाताच्या हक्काच्या बाजूचे?

आणि आपल्याकडे अलीकडचंही आहे. मदर तेरेसांची संस्था गर्भपाताच्या ठाम विरोधातली. २०१५ मध्ये दत्तकाचे नियम बदलले, एकट्या व्यक्तीलाही मूल देणं आलं. त्यांच्या श्रद्धेत ते बसेना. तर त्यांनी दत्तकाचं कामच सोडलं. भांडल्या नाहीत, खोटंही बोलल्या नाहीत.

वाचकमात्र

आजी, विषयांतर. फुल्यांना या वादात ओढू नका, दोन्ही बाजू त्यांना आपापल्या फलकावर लावतील.

रात्रपाळी

मला नाही विषयांतर वाटत. त्या गृहात येणाऱ्या बाईला आत काय होतं ते आधी माहीत असायचं. माझ्या नाशिकच्या मुलीला नव्हतं.

जमाखर्च

रात्रपाळी, हे आधी सुचलं असतं तर मी एवढा लांब धागा काढलाच नसता.

एक जुनी आठवण काढते. २०१२ मध्ये पंतप्रधान हार्पर यांच्या सरकारने धर्मादाय संस्थांच्या 'राजकीय' कामाची तपासणी करायला ८० लाख डॉलर ठेवले होते. तेव्हा महसूल खात्याचे लोक पर्यावरणवाल्यांच्या आणि गरिबीवर काम करणाऱ्यांच्या दारात उभे. आपण केवढे ओरडलो होतो! त्याच तपासणीतून कॅनडा विदाउट पॉव्हर्टी या संस्थेचा खटला उभा राहिला, २०१८ मध्ये ओंटारिओच्या न्यायालयाने त्यांच्या बाजूने कौल दिला आणि कायदा बदलला. आता हेतू धर्मादाय असेल तर त्यासाठी धोरणावर हवं तेवढं बोला, पक्षाचा प्रचार तेवढा नको. तो बदल आपल्या लोकांनी लढून मिळवला. आता तोच मोकळेपणा समोरच्यांना नको असं मी कुठल्या तोंडाने म्हणू?

कायद्याचा_किडा

जाता जाता: २००५ मध्ये समलिंगी विवाहाचा कायदा झाला तेव्हा आयकर कायद्यात एक कलम घातलं. विवाह स्त्री-पुरुषांचाच असं मानते, तेवढ्या कारणावरून कुठल्याही धार्मिक संस्थेचा दर्जा काढता येणार नाही. समलिंगींना हक्क दिला आणि न मानणाऱ्यांच्या पावतीला कुंपणही घातलं, एकाच वेळी. गर्भपाताबाबत असं कलम नाही, कारण गर्भपाताचा कायदाच नाही. ज्यांना ४२९ ची भीती वाटते त्यांनी हे कलम मागावं, आणि ज्यांना फसवणुकीचा राग येतो त्यांनी २०२४ चा पाटीचा प्रस्ताव परत मागावा. दोन्ही एकाच विधेयकात बसतात. कुणी मागणार नाही ही गोष्ट वेगळी. दोन्ही बाजूंना निवडणुकीला हा विषय तसाच हवा असतो.

तर्कट

मी तुमच्या बाजूला आलेलो नाही. आरतीला पावती नको हे माझं मत कायम. पण काढायचीच तर सगळ्यांची काढा, एकाच मताची नको, इथवर आलो. म्हणजे ४३० ला हो, ४२९ ला नाही. जमाखर्चताईंना हे जास्तच आवडणार.

जमाखर्च

तुम्ही आमच्या महाप्रसादाला या आणि माझ्या तोंडावर हे बोलून दाखवा.

वसईचा_पाऊस

शनिवारी जाऊन आलो. पाटी नाही. माहितीपत्रकाच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरात आहे, माझ्या चष्म्यातूनही दोनदा वाचावं लागलं. केंद्राच्या प्रमुखबाईंशी बोललो. म्हणाल्या, पाटी लावली तर ज्या मुलींचं ठरलेलं नाही त्या आत येणारच नाहीत. मी म्हटलं, बाई, मग त्या कशाला आत येतायत असं आपल्याला वाटतं? त्या गप्प बसल्या. चिडल्या नाहीत. पुढच्या महिन्यात संचालकांच्या बैठकीत विषय घेणार आहेत. पाच जणांत दोन नक्की माझ्या बाजूने, एकाचं सांगता येत नाही.

रात्रपाळी

तिसऱ्याला माझी गोष्ट सांगा. नाव-गाव सोडून.

जमाखर्च

आमच्याही समितीची बैठक झाली. खासदाराला ४३० विरुद्ध पत्र लिहायचं सर्वानुमते ठरलं. मी म्हटलं, त्यातच एक ओळ ४२९ विरुद्धही घालू. अध्यक्ष म्हणाले, "आपल्याला काय करायचंय त्यांच्या भानगडीत?" सहा विरुद्ध एक. ती एक मी. पत्र ४३० पुरतंच गेलं. मी घरी येऊन माझ्या नावाने दुसरं लिहिलं: ४२९ नको, पाटी हवी. आमचा खासदार दोन्ही पत्रं एकाच टपालात वाचेल तेव्हा त्याला काय वाटेल कोण जाणे.

असो. अजून ४१ पावत्या बाकी आहेत.

वाचकमात्र

जमाखर्चताई, थोडं अवांतर. महाप्रसादाच्या कुपनाची करपावती मिळते का? मी ५० डॉलरचं घेतलं होतं.

जमाखर्च

पूर्ण नाही. जेवणाची बाजारभावाने जी किंमत होते ती वजा करायची, उरलेल्याची पावती.

तर्कट

प्रसादाची बाजारभावाने किंमत कोण ठरवतं?

जमाखर्च

मीच. गेल्या वर्षी १८ डॉलर धरली होती. यंदा श्रीखंड आहे, २० धरेन.